आठ कोअर घेतले, संगणक चारच मोजतो

पेडण्यातल्या एखाद्या दशावतारी नाटकाचं तीन तासांचं रेकॉर्डिंग एडिट करून एक्सपोर्टला लावलं आणि जेवून येईपर्यंत व्हायचं काम रात्रभर चाललं, तर पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो आणि दुसरा व्हायरसवर. प्रोसेसर अर्धाच जागा असेल हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण संगणक नेहमीसारखा सुरू होतो, हँग होत नाही, एररही दाखवत नाही. फक्त बारापैकी सहाच कोअर कामावर असतात.

प्रोसेसर बिघडल्यामुळे असं होणं फार क्वचित. बहुतेक वेळा कधीतरी कुणीतरी एक सेटिंग बदललेलं असतं आणि मग ते विसरलेलं असतं. त्यामुळे दुकानात नेऊन मदरबोर्ड बदलण्याचा खर्च ऐकण्याआधी घरीच अर्धा तास द्यावा.

सुरुवात मोजण्यापासून. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू निवडा. आलेखाच्या खाली 'सॉकेट्स', 'कोअर्स' आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' असे तीन आकडे दिसतील. सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा. कोअर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग. लॉजिकल प्रोसेसर म्हणजे विंडोजला कामं वाटण्यासाठी दिसणाऱ्या जागा. इंटेलच्या हायपरथ्रेडिंगमुळे किंवा एएमडीच्या एसएमटीमुळे एका कोअरच्या अशा दोन जागा होतात. हे तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील. वरचा आलेख एकच दिसतो म्हणून घाबरू नका. त्यावर उजवं क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडलं की प्रत्येकाची वेगळी चौकट दिसते.

आता प्रोसेसरचं पूर्ण नाव पाहा आणि ते कंपनीच्या वेबसाइटवर शोधून अपेक्षित आकडा मिळवा. इथेच निम्म्या तक्रारी मिटतात. लॅपटॉपवर आय७ लिहिलंय म्हणजे आत आठ कोअर असणारच, असा समज सर्रास आढळतो. पण आय७-७५००यू मध्ये कोअर दोनच आहेत, थ्रेड, म्हणजे लॉजिकल प्रोसेसर, चार. आय५-७२००यू चंही तसंच. त्याच्या पुढच्याच पिढीतल्या आय५-८२५०यू मध्ये मात्र चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. सेकंडहँड लॅपटॉप घेताना 'आय७ आहे' एवढ्यावर सौदा केला असेल, तर हरवलेले कोअर मुळात नव्हतेच. उलटही होतं. आय७-९७००के मध्ये आठ कोअर आणि थ्रेडही आठच, कारण त्यात हायपरथ्रेडिंग नाही. २०२४ मध्ये आलेल्या डेस्कटॉपच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेतूनही इंटेलने ते काढून टाकलं. तिथे थ्रेड दुप्पट दिसले नाहीत तर काही बिघडलेलं नाही.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून हिशेब थोडा गुंतागुंतीचा झाला. आय५-१२३५यू मध्ये दोन मोठे, म्हणजे पी-कोअर आहेत आणि आठ छोटे, म्हणजे ई-कोअर. पी-कोअरचे दोन-दोन थ्रेड, ई-कोअरचा एकेकच. म्हणून कोअर दहा, लॉजिकल प्रोसेसर बारा. ही बेमेळ दिसणारी जोडी बरोबर आहे.

घटलेला आकडा काय सांगतो

खरोखरच कमी दिसत असतील तर किती कमी दिसतात ते नीट बघा. अर्धं निदान तिथेच होतं. आय७-१२७०० घ्या: आठ पी-कोअर, चार ई-कोअर, एकूण वीस थ्रेड. टास्क मॅनेजर बारा कोअर आणि बाराच लॉजिकल दाखवत असेल तर हायपरथ्रेडिंग बंद आहे. आठ कोअर आणि सोळा लॉजिकल दाखवत असेल तर ई-कोअर बंद आहेत. एएमडी रायझन ९ ५९००एक्स मध्ये बारा कोअर आणि चोवीस थ्रेड असतात, पण ते सहा-सहा कोअरच्या दोन तुकड्यांत बसवलेले असतात. तिथे सहा आणि बारा दिसले तर एक अख्खा तुकडा बंद केलेला आहे. बारा आणि बारा दिसले तर एसएमटी बंद. आणि रायझनवर एसएमटी चालू असूनही लॉजिकल प्रोसेसरचा आकडा सात किंवा अकरा असा विषम आला, तर बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला, दोष देण्यात अर्थ नाही, कारण बायोस कोअर बंद करतं तेव्हा दोन्ही थ्रेड एकत्र जातात. विषम आकडा विंडोजच्या सेटिंगकडे बोट दाखवतो.

हे का, ते कळायला संगणक सुरू होताना काय घडतं ते थोडक्यात पाहू. बटण दाबल्यावर सगळे कोअर एकदम कामाला लागत नाहीत. आधी एकच उठतो. चवथीला माटोळी बांधायची असली की घरातला एकजण भल्या पहाटे उठून बाकीच्यांना हाका मारतो, तसा. हा पहिला कोअर बायोस चालवतो. बायोस बाकीचे कोअर तपासून त्यांची यादी मेमरीत लिहून ठेवतं. या यादीला एमएडीटी म्हणतात. प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा क्रमांक आणि तो वापरायचा की नाही याची खूण तिच्यात असते. नंतर विंडोज किंवा लिनक्स ती यादी वाचतं आणि एकेकाला जागं करतं. यादीत नाव नसेल त्याला हाकच जात नाही.

म्हणजे आकडा दोन ठिकाणी गळू शकतो: यादी बनण्याआधी किंवा यादी वाचताना. कुठे गळतो ते ओळखायची एक खात्रीची चाचणी आहे. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंटची बूट करता येणारी प्रत तयार करा आणि संगणक त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही, नुसतं 'ट्राय' निवडायचं. टर्मिनल उघडून एन-प्रॉक (nproc) हा आदेश द्या, मधली रेघ न घालता, सगळी अक्षरं लहान. आला तो आकडा म्हणजे लिनक्सला मिळालेले लॉजिकल प्रोसेसर. लिनक्सला सगळे दिसत असतील तर चूक विंडोजमध्ये आहे. लिनक्सलाही तेवढेच कमी दिसत असतील तर विंडोज फॉरमॅट करून काहीही मिळणार नाही. शोध बायोसमध्ये करायचा. ही चाचणी न करता थेट विंडोज नव्याने टाकणारे खूप जण आहेत, आणि त्यांचा रविवार फुकट जातो.

विंडोजमधली ती टिक

विंडोजच्या बाजूला सर्वांत जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार एकच. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत एमएसकॉन्फिग लिहून एंटर मारा. बूट या टॅबवर जाऊन 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' दाबलं की एक छोटी खिडकी उघडते. डावीकडे वरच 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' आणि त्याच्यासमोर टिक करायचा चौकोन. शेजारी 'मॅक्झिमम मेमरी'.

संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून इथे टिक करून सर्वांत मोठा आकडा निवडा, असा सल्ला देणारे व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतायत. सल्ला चुकीचा आहे. टिक नसेल तेव्हा विंडोज सगळेच प्रोसेसर वापरतं. टिक केली की 'यापेक्षा जास्त वापरू नकोस' अशी मर्यादा पडते, वेग वाढत नाही. त्या दिवशी निवडलेला आकडा सर्वांत मोठा असल्यामुळे काहीच बिघडत नाही. दोन वर्षांनी त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवला, विंडोज तेच ठेवलं, की जुनी मर्यादा तशीच लागू राहते: आठ थ्रेडच्या जागी सोळाचा प्रोसेसर आला तरी विंडोज आठवरच अडतं. प्रोसेसर बदलणाऱ्याला वाटतं, दुकानदाराने फसवलं.

उपाय म्हणजे टिक काढणे. काढल्यावर चौकोनासमोरचा आकडा फिका होतो आणि तिथे १ दिसू शकतो. तो निरर्थक आहे, त्याला हात लावू नका. 'मॅक्झिमम मेमरी' वरही टिक असेल तर तीही काढा, कारण तिच्यामुळे सोळा जीबी रॅममधली निम्मी 'हार्डवेअर रिझर्व्ड' म्हणून अडकून पडलेली सापडते. ओके, अप्लाय, आणि रिस्टार्ट. शटडाऊन करून पुन्हा चालू करणं पुरेसं नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आपला गाभा डिस्कवर साठवून झोपतं. एमएसकॉन्फिगने दाद दिली नाही तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि बीसीडीएडिट हा शब्द, मग मोकळी जागा, स्लॅश लावून डिलीटव्हॅल्यू, पुन्हा मोकळी जागा आणि शेवटी नमप्रॉक, असा आदेश (bcdedit /deletevalue numproc) द्या. त्याने बूटच्या नोंदीतली मर्यादाच पुसली जाते. 'एलिमेंट नॉट फाउंड' असं उत्तर आलं तर मर्यादा मुळात नव्हती.

दुसरं कारण परवान्याचं. विंडोज ११ होम एकच सॉकेट वापरतं, प्रो दोन, आणि प्रो फॉर वर्कस्टेशन्स चार. सॉकेटची कोअरशी गल्लत करू नका. एका सॉकेटमधला सोळा कोअरचा प्रोसेसर होमवर व्यवस्थित चालतो. पण कंपन्यांनी काढून टाकलेली, दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर) असलेली वर्कस्टेशन्स आता स्वस्तात मिळतात, लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओ ती हौसेने घेतात, आणि विकणारा त्यावर होम टाकून देतो. मग दुसरा झिऑन वीज खात गरम होत बसतो, काम करत नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'सॉकेट्स' समोर १ दिसला तर हेच. प्रोचा परवाना घालून रिस्टार्ट केलं की दुसरा प्रोसेसर हजर होतो.

हाच सॉकेटचा घोळ व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने संगणकाच्या आत उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, जास्त छळतो. व्हर्च्युअल मशीनला आठ प्रोसेसर दिले, पण त्या सॉफ्टवेअरने ते एकेक कोअरचे आठ सॉकेट म्हणून मांडले, तर आतल्या विंडोज प्रोला दोनच दिसतात आणि होमला एकच. सेटिंगमध्ये एक सॉकेट आणि त्यात आठ कोअर अशी रचना करा. व्हीएमवेअरमध्ये प्रोसेसरची संख्या आणि प्रत्येकातले कोअर असे दोन रकाने असतात. पहिल्यात १, दुसऱ्यात ८. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एकाहून जास्त प्रोसेसर हवे असतील तर 'आय-ओ एपिक' चालू असावं लागतं. आणि मूळ संगणकाचे सगळेच कोअर आत देऊन टाकू नका, बाहेरच्यालाही श्वास घ्यायला दोन राहू द्या.

बायोसच्या आत

लिनक्सलाही कमी दिसले असतील तर बायोस उघडावं लागेल. त्याआधी एक काळजी. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर विंडोज अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच लिहून घ्या, कागदावर. नंतर त्याच लॅपटॉपवर शोधता येणार नाही.

बायोसमध्ये शिरायला बहुतेक डेस्कटॉप बोर्डांवर डिलीट, डेलच्या मशीनवर एफ२, एचपीवर एफ१०. बटण वेळेत दाबणं जमत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. आत शोधायचं ते सीपीयू कॉन्फिगरेशनच्या पानावर. इंटेलवर 'अॅक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स' सारखं नाव असतं, हल्ली पी आणि ई-कोअरचे वेगळे रकाने. दोन्हीकडे 'ऑल' हवं. डेलच्या ऑफिस मशीनवर 'मल्टी कोअर सपोर्ट' म्हणून सापडतं. एएमडीवर 'डाऊनकोअर कंट्रोल', 'सीसीडी कंट्रोल' आणि 'एसएमटी' हे तीन शब्द शोधा, तिन्ही 'ऑटो' वर ठेवा.

रायझनवाल्यांसाठी खास सूचना: बायोसमध्ये सगळं 'ऑटो' दिसत असूनही निम्मे कोअर गायब असतील, तर विंडोजमधला रायझन मास्टर हा एएमडीचा प्रोग्राम तपासा. त्यातला 'गेम मोड' दोन तुकड्यांच्या प्रोसेसरवर एक तुकडा बंद करतो, आणि ही निवड रिस्टार्टनंतरही टिकते. प्रोग्राम काढून टाकला म्हणून ती जात नाही. पुन्हा इन्स्टॉल करून डिफॉल्ट प्रोफाइल लावा, मग हवं तर काढा. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या काही बोर्डांवर याहून गमतीशीर प्रकार आहे: 'लेगसी गेम कम्पॅटिबिलिटी मोड' चालू असेल तर कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक दाबल्याबरोबर ई-कोअर झोपवले जातात. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं बटण, आणि पुसताना बोट पडतं.

काहीच सापडत नसेल तर 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' निवडून सेव्ह करा. गोव्याच्या पावसाळ्यात लाईट येता-जाता बायोसची सेल बदलून घेण्याचा सल्ला दुकानांत हमखास मिळतो, आणि गंमत म्हणजे कधीकधी त्याने कोअर परत येतात. सेल कमजोर झाल्याने कोअर जात नाहीत. सीआर२०३२ ही तीन व्होल्टची चपटी सेल काढली की बायोस मूळ सेटिंगवर येतं, आणि मूळ सेटिंगमध्ये सगळे कोअर चालू असतात, एवढाच त्याचा अर्थ. तेच काम मेन्यूतून फुकट होतं. शिवाय हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सेटिंग फ्लॅश चिपमध्ये राहतं, सेल काढूनही पुसलं जात नाही.

जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवला असेल तर बायोसची आवृत्ती पाहा. बोर्डाच्या पानावरच्या यादीत प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान आवृत्ती दिलेली असते. अपडेट करताना डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप चार्जरवर हवा, आणि बाहेर विजा चमकत असतील तर उद्या करा. अपडेट अर्ध्यात तुटलं तर बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो.

लिनक्सच रोज वापरत असाल तर

तिथे चोर बहुधा कर्नलच्या बूट ओळीत लपलेला असतो. जुना लॅपटॉप इन्स्टॉलच्या वेळी अडकला म्हणून कुणीतरी एसीपीआय (बायोसकडून हार्डवेअरची माहिती घ्यायची पद्धत), बरोबरचं चिन्ह आणि ऑफ असं तिथे टाकलं, काम भागलं, आणि ओळ तशीच राहिली. पण कोअरची यादी एसीपीआयमधूनच येते! ते बंद केलं की यादी वाचलीच जात नाही आणि आठ कोअरचा संगणक एका कोअरवर चालतो. प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन नावाची फाइल वाचा. त्यात एसीपीआय ऑफ, नो-एल-एपिक, मॅक्स-सीपीयूज, एनआर-सीपीयूज किंवा नो-एसएमटी यांतलं काही दिसलं तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमधून काढा, अपडेट-ग्रब चालवा, रिस्टार्ट करा. एलएस-सीपीयू या आदेशात 'ऑफलाइन' अशी ओळ येत असेल तर ते कोअर लिनक्सला माहीत आहेत, नुसते बंद ठेवलेत. एन-प्रॉकने कमी सांगितलं तर त्यालाच दोन रेघा देऊन 'ऑल' जोडून पाहा. नुसता एन-प्रॉक त्या वेळच्या प्रोग्रामला जेवढे दिलेत तेवढेच मोजतो.

राहिलं हार्डवेअर. सॉकेटमधली पिन वाकली म्हणून एखादाच कोअर गेला, असं जवळजवळ होत नाही. वाकलेली पिन बहुधा रॅमची एक बाजू गायब करते किंवा संगणक सुरूच होऊ देत नाही. प्रोसेसर नुकताच बसवला असेल तर उघडून टॉर्च तिरपा धरा: एलजीए १७०० सॉकेटमध्ये सतराशे बारीक स्पर्शबिंदू असतात, आणि उजेड आडवा पडला की नीट असलेल्या ओळी एकसारख्या चमकतात, वाकलेला बिंदू तेवढा वेगळ्या दिशेने चमकतो. एएमडीच्या एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. किनाऱ्यालगतच्या घरांत खारं वारं आणि दमट हवा रॅमचे सोनेरी दात मळवते, पण त्याचा कोअरच्या संख्येशी संबंध नाही. ते खोडरबराने पुसून कोअर परत येणार नाहीत.

सगळं करूनही बायोसच्या पहिल्या पानावरच कोअर कमी लिहिलेले दिसत असतील, तर तोच प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावून पाहणं एवढंच उरतं. तिथेही कमी दिसले आणि वॉरंटी असेल तर बदलून मागा.

आणि टास्क मॅनेजर सगळे कोअर दाखवत असूनही काम संथ असेल, तर हा वेगळा प्रश्न आहे. रिसोर्स मॉनिटरमध्ये एखाद्या कोअरसमोर 'पार्क्ड' लिहिलेलं दिसतं. तो वीज वाचवायला विसावलाय, काम आलं की उठतो. एकच प्रोग्राम थोडेच कोअर वापरत असेल तर टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स' मध्ये त्यावर उजवं क्लिक करून 'सेट अॅफिनिटी' उघडा आणि सगळ्या चौकोनांवर टिक आहे का ते पाहा. आहे आणि तरीही एकच कोअर शंभरावर पळतोय, तर त्या प्रोग्रामला एकाहून जास्त कोअरवर काम वाटताच येत नाही.